व्यवस्थेले टायपिंग येते काय?

मनोहर, तुझ्या शोकसभेत मी साहेबांचे आभार मानले.

हसू नको. म्हणजे हस, तुला आता कोण अडवणार, पण आधी ऐकून घे. दिग्रसला आपल्या सेवानिवृत्त कर्मचारी मंडळाच्या खोलीत सभा होती. तुझ्या फोटोला हार, फोटोखाली उदबत्ती, आणि अध्यक्षाच्या खुर्चीत अर्थातच साहेब. वय ब्याऐंशी, पण आवाज अजून कापूस खरेदी केंद्राच्या फाटकावर ट्रक थांबवायचे तसाच. ते उठले आणि म्हणाले, "मनोहर उत्तम ग्रेडर होता. कापसात हात घातला की धागा किती लांब, ओल किती, तोंडी सांगायचा. एकदा त्याच्या हातून हेतुपुरस्सर दुर्लक्ष झालं, कापसाची गंजी जळाली. पण गेलेल्या माणसाला आपण माफ करत असतो."

खोलीतल्या सगळ्या माना हलल्या. तुझा अमोल पहिल्या रांगेत बसला होता. त्याची मान हलली नाही, पण वरही झाली नाही.

मी उठलो. वाक्य तयार होतं: "साहेब, ती गंजी तुमच्या फोनानं जळाली." माइक हातात घेतला, खाकरलो, आणि तोंडातून निघालं, "आदरणीय साहेबांनी आपल्या अमूल्य वेळातून वेळ काढून…" चाळीस वर्षं आभारप्रदर्शन माझ्याकडेच. निरोपसमारंभ, झेंडावंदन, गणपती, सगळीकडे शेवटी मी. जीभ त्याच चाकोरीत गेली आणि थांबेना. "कार्यक्रमाची शोभा वाढवली" असंही मी बोलून गेलो. मागून कोणीतरी सवयीनं टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच. तुझ्या फोटोसमोर, तुला माफ केल्याबद्दल, टाळ्या.

घरी येताना ठरवलं की आता सूड घ्यायचा. साहेबांचा.

तुला माहीत आहे, या बाबतीत माझा इतिहास चांगला नाही. साहेब निवृत्त झाले तेव्हा त्यांचं निरोपाचं भाषण मीच टाइप केलं होतं आणि त्यांची फजिती व्हावी म्हणून मधलं एक पान मुद्दाम गाळलं होतं. त्यामुळे भाषण आटोपशीर झालं. लोक अजून म्हणतात, साहेब काय मोजकं बोलले. माझ्या आयुष्यातला तेवढा एकच सूड, आणि तोही त्यांच्याच कामी आला.

पण या वेळी गोष्ट माझ्या रागापुरती नव्हती. तू गेलास त्याच्या तिसऱ्या दिवशी अमोल माझ्याजवळ येऊन बसला होता. वणीच्या कोळसा खाणीत इतकी वर्षं काढलेला, पंचेचाळिशीचा माणूस. म्हणाला, "काका, एक इचारू? बाबानं खरंच काही केलं नसतं तर दोन वर्षं सस्पेंड कायले झाले असते?" शाळेत पोरं त्याला 'काडीवाला' म्हणायची, हे मला त्या दिवशी कळलं. बापानं काडी लावली म्हणून काडीवाला. दहावीनंतर तो दिग्रस सोडून मामाकडे वणीला का गेला, हेही त्याच दिवशी कळलं. मी त्याला काय म्हणालो असेन? म्हणालो, "जाऊ दे रे, जुनी गोष्ट हाये."

जुनी गोष्ट नीट सांगतो. तुला नाही, तुला पाठ आहे. मंडळाचा हा अंक वाचणाऱ्यांना सांगतो.

त्या वर्षी ऐन कापसाच्या हंगामात चार दिवस पाऊस झाला. आपल्या खरेदी केंद्रावर एका मोठ्या व्यापाऱ्याचे ट्रक येऊन उभे राहिले. तू पहिल्याच ट्रकमध्ये कोपरापर्यंत हात घातलास, बाहेर काढलास, आणि ड्रायव्हरला म्हणालास, "वापस ने. ओला हाये." ओला कापूस गंजीत रचला की आतल्या आत तापतो, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. मग ऑफिसातला फोन वाजला. फोन मी उचलला. साहेब यवतमाळहून बोलत होते, मीटिंगला गेलेले. म्हणाले, "त्याला विचार, तू ग्रेडर आहेस की हवामान खातं? माल घ्यायला सांग." तू म्हणालास, "लेखी द्या म्हणा." साहेब म्हणाले, "लेखी परवा देतो, आधी ट्रक रिकामे कर." आणि मी, रिसीव्हरवर हात ठेवून, तुला म्हणालो, "घे ना गड्या. साहेब म्हणून राह्यले."

तू माझ्याकडे पाहिलंस आणि माल घेतलास. चौथ्या दिवशी दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत गंजीच्या पोटातून धूर निघाला. जेवणाचे डबे तसेच उघडे टाकून सगळे धावले. कापूस बाहेरून विझतो आणि आतून जळत राहतो. संध्याकाळपर्यंत निम्मी गंजी काळी झाली होती.

मग चौकशी, मग अहवाल. साहेबांनी सांगितला, मी टाइप केला. हे सगळ्यांना माहीत आहे, तुलाही माहीत होतं. केंद्रावर टाइपरायटर एक आणि टाइपिस्ट एक. या गोष्टीबद्दल तू मला कधी एक शब्द बोलला नाहीस. मीही स्वतःची समजूत घालून घेतली होती की टाइपिस्ट म्हणजे नळ. वरून येतं ते खाली सोडतो.

आता पिक्चर.

नव्या नोकरीत असताना आपण दोघं दिग्रसच्या टॉकीजमध्ये 'साहब दौरे पर हैं' पाहायला गेलो होतो. पोस्टरवर जीप होती, म्हणून मारामारी असेल असं वाटलं. मारामारी नव्हती. हिरो धड नव्हता, गाणी इतकी वाईट की पडद्यावरची हिरोइनच कंटाळलेली दिसायची. तीन दिवसांत उतरलं. मध्यंतरात अर्धे लोक उठून गेले तेव्हा टॉकीजचा मालक दारात उभा राहून प्रत्येकाला म्हणत होता, "पुढच्या शुक्रवारी चांगला आणतो भाऊ." आपण मात्र हसून हसून खुर्चीवरून घसरलो, कारण पडद्यावर आपलंच ऑफिस होतं.

ज्यांनी पाहिलं नाही, म्हणजे जवळपास सगळ्यांनी, त्यांच्यासाठी सांगतो. एका गावातलं सरकारी ऑफिस. साहेब दौऱ्यावर गेलेत. कोणी काम घेऊन आलं की हेडक्लार्क म्हणतो, साहेब दौऱ्यावर आहेत. इथपर्यंत नेहमीचं. पण हळूहळू साहेबांच्या नावानं हुकूम निघायला लागतात. साहेबांची इच्छा आहे की खिडकीजवळचा पंखा हेडक्लार्कच्या डोक्यावर हलवावा. साहेबांची इच्छा आहे की हातपंपाचा अर्ज करणाऱ्या म्हातारीनं पुन्हा पहिल्यापासून अर्ज करावा. शेवटी साहेबांची इच्छा होते की चपराशाला कामावरून काढावं. हा चपराशी रोज सगळ्यांचे डबे गरम करून देणारा. शेवटच्या रिळात जीप येते, सगळे हार घेऊन उभे राहतात, आणि आतून एक घाबरा माणूस उतरून सांगतो की मी नवा साहेब, जुन्यांची बदली तर कधीच झाली, तुम्हाला पत्र आलं नाही का? म्हणजे इतके दिवस खुर्चीत कोणीच नव्हतं. कुणाचीच इच्छा नव्हती.

तुझं सस्पेन्शन संपून तू परत कामावर आलास, त्या वर्षी तान्ह्या पोळ्याला तू भाड्यानं व्हिडिओ आणलास. बाहेर पोरं लाकडी बैल घेऊन घरोघर फिरत होती आणि तू आत कॅसेट लावत होतास. मी विचारलं, "हे कोठून पैदा केलं बे?" तू म्हणालास, "शोधलं. तुह्यासाठी." तेव्हापासून दर तान्ह्या पोळ्याला हेच पिक्चर. व्हिडिओ गेला, सीडी आली, सीडी गेली, मोबाइल आला. आपले केस गेले. पिक्चर तेच, आणि त्यावरचं भांडणही तेच.

भांडण टाइपिस्टवरून. पिक्चरमध्ये एक चष्मेवाला, गरीब तोंडाचा टाइपिस्ट आहे. फार तर सात-आठ वेळा दिसतो. चपराशाला काढायचा हुकूम तोच टाइप करतो, आणि त्या वेळी चपराशानंच गरम करून दिलेला डबा खात असतो. तू त्या जागी दर वर्षी पिक्चर थांबवायचास, मागे घ्यायचास आणि पुन्हा लावायचास. "हा पाह्य. खरा व्हिलन हा."

मी भडकायचो. "त्या बिचाऱ्याचा काय दोष? त्याले सांगतलं ते त्यानं टाइप केलं."

"कोणं सांगतलं? साहेब तर पिक्चरमंदी हायेच नाही."

"अरे, मुद्दा तोच तर हाये. माणसं नाही, सारी व्यवस्थाच अशी हाये."

"व्यवस्थेले टायपिंग येते काय?"

मग मी चिवड्याची वाटी पुढे ओढायचो, तू हसायचास, पिक्चर पुढे सरकायचं. मला वाटायचं, तुला त्या नटाचं काम आवडतं.

तेरवी झाल्यावर दुसऱ्या दिवशी दुपारी मी तुझ्या घरी गेलो. सूड कसा घ्यायचा ते सुचत नव्हतं आणि घरी बसवत नव्हतं. वहिनी सोप्यात एकट्याच होत्या, अमोल तहसीलला कागदांसाठी गेलेला. त्या म्हणाल्या, "भाऊजी, त्याईच्या मोबाइलात तुमचं ते पिक्चर हाये. मले त्याईनं कधी बसू देल्लं नाही. म्हणत, हे आमचं हापिसचं काम हाये. लावून देता काय?"

मोबाइल तांब्याला टेकवून ठेवला आणि आम्ही दोघं पाटावर बसलो. वहिनी म्हातारीच्या अर्जाला हसल्या, पंख्याला हसल्या. मी पहिल्यांदाच तुझ्याशिवाय पाहत होतो, म्हणून असेल, पण या वेळी मला हसू येण्याआधी दिसायला लागलं. कोणीच कोणावर ओरडत नाही त्या पिक्चरमध्ये. सगळे इतके नम्र. "साहब की इच्छा है" म्हणताना प्रत्येकाचा आवाज मऊ होतो, आणि प्रत्येक जण त्या मऊ आवाजात आपलं स्वतःचं जुनं उट्टं काढून घेतो. हे पिक्चर विनोदी म्हणून पडलं. लोकांना आरशात पाहायला तिकीट काढायचं नसतं.

तो डब्याचा सीन आला. तू नव्हतास, म्हणून मी थांबवलं नाही. तर वहिनींनीच बोट लावून थांबवलं; इतकी वर्षं आतल्या खोलीतून आपलं भांडण ऐकून त्यांना ती जागा पाठ होती. मागे घेतलं. पुन्हा लावलं.

तेव्हा मी पाहिलं. इतक्या वर्षांत तुझ्याशी भांडायच्या नादात मी पडद्याकडे कधी पाहिलंच नव्हतं. टाइपिस्ट हुकूम टाइप करतो. थांबतो. घास चावतो. कागद वाचतो. काहीतरी खटकतं. तो एक शब्द खोडून त्याच्या जागी दुसरा टाकतो, जास्त चांगला. आणि स्वतःवरच खूश होऊन चष्मा वर सरकवतो.

वहिनी माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, "चार्जशीट आली तवा हे ओट्यावर बसून वाचत होते. एका शब्दावर बोट ठेवलं अन् मले म्हणे, साहेबाले हा शब्द येत नाही."

मनोहर, तुला माहीत होतं.

आता हेही छापतो. साहेबांनी मला सांगितलं होतं, 'ओलसर माल स्वीकारण्यात ग्रेडरकडून दुर्लक्ष झाले.' एवढंच. दुर्लक्षाला त्या काळी ताकीद मिळायची, फार तर एक वेतनवाढ जायची. मी टाइप करता करता थांबलो. वाक्य मला मोकळंमोकळं वाटलं. माझं मराठी चांगलं असल्याचा मला माज होता. ऑफिसात चहात साखर कमी पडली तरी मी 'हेतुपुरस्सर' म्हणायचो, आणि तुम्ही सगळे हसायचात. मी म्हणालो, "साहेब, 'हेतुपुरस्सर दुर्लक्ष' म्हटलं तर?" साहेबांनी मान तिरपी केली. "वजन आहे शब्दाला. टाक." मी टाकला. त्या वेळी तुझा विचार माझ्या मनातच आला नाही, वाक्याचाच आला. त्या एका शब्दानं ताकिदीचं सस्पेन्शन झालं. अमोल शाळेत काडीवाला झाला तो तेवढ्याच शब्दानं. आणि शोकसभेत साहेबांनी तुझ्या फोटोसमोर वापरला तोही तोच. त्यांचा नव्हता. माझा होता. इतकी वर्षं वापरून आता त्यांना तो आपलाच वाटतो.

तू मला शिव्या दिल्या असत्यास तर मी रडून मोकळा झालो असतो. दोन थोबाडीत दिल्या असत्यास तर वर्षभरात विसरलो असतो. तू तसं काही केलं नाहीस. तू मला जेवायला बोलावलंस, समोर बसवलंस, चिवडा दिलास, आणि दर वर्षी त्या माणसाचं तोंड दाखवून विचारत राहिलास की दोष कोणाचा. आणि मी दर वर्षी त्याची वकिली करत राहिलो. तावातावानं. तू किती हसत असशील मनातल्या मनात. एवढा थंड सूड या जिल्ह्यात कोणी घेतला नसेल, आणि ज्याच्यावर घेतला त्याला कळायला तुला मरावं लागलं.

मला तुझा राग आला आहे. तो अजून गेलेला नाही. एकदा तरी विचारायचं होतंस, "वासू, हा शब्द कोणाचा?" मी खोटं बोललो असतो, हे तुला ठाऊक होतं म्हणून विचारलं नाहीस. हेच माझ्याबद्दलचं तुझं मत. आणि ते जाणूनही चाळीस वर्षं माझ्या डब्यातली भाजी खाल्लीस, माझ्या पोरीच्या लग्नात दोन दिवस पंगती वाढल्यास, माझ्या हर्नियाच्या वेळी दवाखान्यात बाकावर बसून राहिलास. याचं मी काय करू? यासाठी आभाराचं कोणतं वाक्य माझ्या जिभेला येतं?

साहेबांचं म्हणशील, तर तो हिशेब सोडलेला नाही. मंडळाच्या या अंकाचा संपादक मी आहे आणि अध्यक्ष ते. त्यांचं नाव इथं लिहीत नाही, पहिल्या पानावर फोटोसकट छापलेलंच आहे. मी तुझ्यावर काही लिहितोय हे त्यांच्या कानावर गेलं आणि परवा त्यांचा फोन आला. "वाचून दाखव." मी त्या पावसापासून पुढे वाचून दाखवलं. गंजीपाशी आलो तसे म्हणाले, "थांब. हे काढ. मी सांगतो ते लिहून घे." मी लिहून घेतलं. एक अक्षर बदललेलं नाही, या वेळी माझ्या पदरचा एकही शब्द नाही. साहेबांचा खुलासा असा: "माल घ्यावा असे मी फोनवर म्हटले असेलही, परंतु तोंडी आदेशाला पुरावा नसतो, हे ग्रेडरने लक्षात ठेवावयास हवे होते." वाचून दाखवला. म्हणाले, "छान. असंच छाप." छापला आहे.

इथपर्यंत लिहून झाल्यावर कागद घेऊन काल तुझ्या घरी गेलो. छापखान्यात द्यायच्या आधी अमोलनं वाचावं, असं वाटलं. दार त्यानंच उघडलं. मी कागद पुढे केले, म्हणालो, "हे वाच. तू त्या दिवशी इचारलं होतं त्याचं उत्तर हाये."

तो चौकटीत उभ्यानंच वाचायला लागला. मी पायरीवर. शब्दापाशी आला तेव्हा मला कळलं, कारण तो तिथं थांबला, मागच्या ओळीवर गेला आणि पुन्हा वाचलं. मग शेवटपर्यंत वाचलं. कागद सारखे केले, चौकटीवर ठोकून कडा जुळवल्या, आणि मला परत दिले.

"छापा," म्हणाला.

"अमोल, मी…"

"बाबाचं नाव पुरं टाका. वडिलाच्या नावासगट."

"टाकतो."

आतून वहिनींचा आवाज आला, "कोण हाये रे?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं. लहानपणी माझ्या सायकलच्या दांडीवर बसायचा तो. चाळीस वर्षं मला काका म्हणत आला.

"बाबाच्या हापिसातले हायेत कोणी," तो म्हणाला, आणि दार लोटून घेतलं.